उत्सवापुरती टोलमाफी

भाद्रपद जवळ आला की राज्य शासनाचा एक आदेश निघतो आणि वृत्तपत्रांतून त्याला ठळक जागा मिळते. गणेशोत्सवासाठी कोकणात जाणाऱ्या वाहनांना टोल माफ! गेली काही वर्षे हा प्रघातच पडला आहे. २०२५ साली २३ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर या काळासाठी मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, मुंबई–बंगळूर महामार्ग आणि मुंबई–गोवा महामार्ग यांवरील टोलनाक्यांवर ही सवलत जाहीर झाली. वाहतूक पोलिसांकडून अथवा परिवहन कार्यालयातून पास घ्यावयाचा, त्यावर वाहनाचा क्रमांक आणि मालकाचे नाव लिहून तो काचेवर चिकटवायचा आणि नाक्यावरून निघून जायचे. एस. टी. च्या गाड्याही या माफीत येतात. आषाढीला पंढरपूरकडे जाणाऱ्या वारकऱ्यांच्या वाहनांसाठीही असेच आदेश निघाले आहेत.

चाकरमान्याला दोन पैशांची सवलत मिळाली म्हणून कपाळाला आठ्या घालण्याचे कारण नाही. मुंबई नगरी ज्यांच्या श्रमावर उभी राहिली, त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातून आलेल्या माणसांचा वाटा फार मोठा आहे. गिरणगावातल्या खोल्यांत आणि खानावळींत दिवस काढून गावी मनीऑर्डर धाडणाऱ्या या माणसाने वर्षातून दोनदाच घर पाहिले. एकदा शिमग्याला आणि एकदा गणपतीला. पूर्वी तो भाऊच्या धक्क्यावरून बोटीने जाई, पुढे एस. टी. ने जाऊ लागला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर त्याच्या पायाखालची जमीन गेली, चाळींच्या जागी मनोरे आले आणि त्याची मुलेबाळे विरार, बदलापूर, दिव्याकडे सरकली. गणपतीला गावी जाण्याची ओढ मात्र सुटली नाही. तेव्हा या माणसाच्या प्रवासाची शासनाला आठवण होते, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु आठवण होते ती त्याची की त्याच्या मताची, आणि या सवलतीचे पैसे अखेर कोण भरतो, हे प्रश्न सणाच्या गडबडीत विचारले जात नाहीत. कार्यकर्त्यांनी तरी ते विचारले पाहिजेत.

प्रथम रस्त्याचेच पाहावे. टोलमाफी कोकणच्या नावाने जाहीर होते, पण कोकणचा जो खरा रस्ता, पनवेलपासून पेण, महाड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर, कणकवली असा सावंतवाडीकडे जाणारा, तो अजून पुरता झालेला कुठे आहे? पनवेल ते इंदापूर या टप्प्याच्या चौपदरीकरणाला २०११ साली हात घातला गेला. त्यानंतर मंत्री बदलले, कंत्राटदार बदलले, उच्च न्यायालयात याचिका झाल्या, पूर्णतेच्या तारखा दर वर्षी नव्याने दिल्या गेल्या. आणि दर श्रावणात खड्डे बुजवण्याची धावपळही नियमाने होत राहिली. राजापूरजवळ हातिवले येथे आणि सिंधुदुर्गात ओसरगाव येथे टोलवसुली सुरू करण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा रस्ता पुरा नसताना टोल कसला, असे म्हणून स्थानिक लोक उभे राहिले. अर्थात या मार्गावर माफ करण्यासारखा टोल मुळात थोडाच. माफीचा खरा लाभ दिसतो तो द्रुतगती मार्गावर आणि पुढे खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी या नाक्यांवर. कोकणचा रस्ता धड नाही म्हणून ज्याला पुणे–सातारा–कोल्हापूर असा वळसा घालून कुंभार्ली, आंबा, फोंडा किंवा गगनबावड्याच्या घाटाने खाली उतरावे लागते, त्याला वळशावरचा टोल माफ होतो. वळशाला लागणाऱ्या जादा इंधनाचा खर्च आणि प्रवासाचे जादा तास कोणी माफ करीत नाही.

आता पैशांचे. टोलनाक्यावर ज्या दिवशी गाडी फुकट सुटते, त्या दिवशी कंत्राटदाराचे उत्पन्न बुडते अशी सामान्य माणसाची समजूत असते. ती खरी असती तर सणाच्या आधी कंत्राटदारांचे मोर्चे मंत्रालयावर आले असते. टोलचे कंत्राट हा करार असतो. शासनाने मध्येच वसुली थांबवली तर कंत्राटदाराला भरपाई मिळते. कधी रोख, कधी वसुलीची मुदत वाढवून. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदीनंतर राष्ट्रीय महामार्गांवरील टोलवसुली ९ नोव्हेंबरपासून २ डिसेंबरपर्यंत थांबवली गेली; त्या काळाची भरपाई सरकारनेच करावयाची होती. मुंबईच्या प्रवेशद्वारांचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली आणि वाशी अशा पाच नाक्यांवर १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मोटारी व इतर हलक्या वाहनांचा ४५ रुपयांचा टोल कायमचा बंद झाला. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती; दुसऱ्याच दिवशी तिचा कार्यक्रम जाहीर झाला. माफीचे स्वागत झाले, पेढे वाटले गेले. त्यानंतर २०२५ साली याच नाक्यांवर मालमोटारींकडून होणाऱ्या टोलवसुलीची मुदत २०२६ वरून २०२९ पर्यंत नेण्याचा निर्णय झाला, तेव्हा पेढे वाटणारे कोणी नव्हते. मोटारीला दिलेल्या माफीची किंमत अशी मालमोटारीच्या माथी मारली गेली. मालमोटारवाला ती पदरची भरत नाही. भाजीच्या जुडीत आणि पिठाच्या पिशवीत ती उतरते. जिच्या दारात मोटार कधी उभी राहणार नाही, अशी मानखुर्दची मोलकरीण ती भरते.

मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पुरा झाला. २००४ साली शासनाच्या रस्ते विकास महामंडळाने त्याच्या टोलवसुलीचा पंधरा वर्षांचा हक्क ९१८ कोटी रुपये आगाऊ घेऊन दिला. ती मुदत २०१९ मध्ये संपली. रस्त्याचे पैसे फिटले, आता टोल सुटेल, अशी भोळी आशा धरणाऱ्यांना २०२० मध्ये उत्तर मिळाले: ८,२६२ कोटी रुपयांच्या मोबदल्यात २०३० पर्यंत वसुलीचा हक्क पुन्हा दिला गेला. १ एप्रिल २०२३ पासून मोटारीचा एकेरी टोल २७० वरून ३२० रुपयांवर गेला. रस्ता जुना होत जातो आणि टोल वाढत जातो! अशा व्यवस्थेत पंधरवड्याची माफी म्हणजे सावकाराने दिवाळीपुरते व्याज सोडावे आणि मुद्दलाच्या कागदावर पुन्हा अंगठा घ्यावा, तसला प्रकार आहे. या ठिकाणी सावकाराचे सोडलेले व्याजही सरकारी तिजोरीतून भरले जाते, एवढाच काय तो फरक.

रस्त्याचा खर्च कोणी सोसावा, हा वाद नवा नाही. कंपनी सरकारने १८५१ मध्ये टोलचा कायदा केला. मुंबई इलाख्यात १८७५ मध्ये रस्ते आणि पूल यांवरील टोलसाठी स्वतंत्र कायदा आला. पुढे मोटारी आल्या, तेव्हा बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये रस्ते विकास समिती नेमली गेली. रस्त्यांचा विकास स्थानिक संस्थांच्या ऐपतीबाहेरचा झाला आहे, तो राष्ट्रीय हिताचा विषय आहे आणि त्यासाठी पेट्रोलवर जादा कर बसवून वेगळा निधी उभारावा, असे या समितीने सुचवले. १९२९ साली केंद्रीय रस्ते निधी स्थापन झाला तो त्यातूनच. विचार सरळ होता. जो जितका रस्ता वापरील, तितके पेट्रोल जाळील आणि तितका कर देईल. नाका नको, रांग नको, कंत्राटदार नको. स्वातंत्र्यानंतरही तो निधी चालू राहिला. २००० साली त्याला नव्या कायद्याचे रूप मिळाले आणि पेट्रोल व डिझेलच्या प्रत्येक लिटरमागे रस्त्यासाठी उपकर वसूल होऊ लागला. पण त्याआधीच, १९९५ मध्ये, राष्ट्रीय महामार्ग कायद्यात दुरुस्ती करून खाजगी भांडवलाला रस्ते बांधण्याची आणि त्यांवर शुल्क घेण्याची वाट मोकळी करून दिली गेली होती. परिणाम असा, की वाहन घेताना कर, इंधन भरताना उपकर आणि रस्त्यावर आले की टोल. जयकरांनी टोलऐवजी कर सुचवला. आजच्या राज्यकर्त्यांनी कर ठेवून टोलही घेतला. सणाच्या माफीने या तिहेरी वसुलीपैकी एका वसुलीला दोन आठवड्यांची सुट्टी मिळते, आणि तेवढ्यावर उदारतेचे ढोल वाजतात.

माफीचा लाभ तरी चाकरमान्यापर्यंत पोचतो का? ज्याच्याजवळ स्वतःची मोटार आहे, त्याला तो थेट मिळतो. ज्याच्याजवळ नाही, आणि कोकणात जाणाऱ्यांत असेच लोक बहुसंख्य आहेत, तो एस. टी. ने, रेल्वेने, खाजगी बसने किंवा दहाबारा जणांनी मिळून ठरवलेल्या गाडीने जातो. खाजगी बसवाल्यांनी एस. टी. च्या भाड्याच्या दीडपटीहून अधिक भाडे घेऊ नये, असा आदेश राज्य शासनाने २०१८ साली काढला. गणपतीच्या आदल्या आठवड्यात सायन किंवा बोरिवलीला उभे राहून भाडे विचारणाऱ्याला या आदेशाची किंमत कळते. नाक्यावर मालकाचा टोल वाचतो, प्रवाशाचे भाडे वाढलेलेच असते. एस. टी. चा प्रवासी तर आणखी वेगळ्या न्यायाने तोलला जातो. त्याच्या तिकिटावर वर्षानुवर्षे साडेसतरा टक्के प्रवासी कर आहे. २५ जानेवारी २०२५ पासून एस. टी. चे भाडे जवळजवळ पंधरा टक्क्यांनी वाढले. स्त्रियांना निम्मे तिकीट आणि पंचाहत्तरीपुढच्या वृद्धांना मोफत प्रवास या सवलती स्वागतार्हच आहेत. पण ज्या गाडीत त्या मिळतात, तिची अवस्था आणि चालक-वाहकांचे वेतन हे विषय दर संपाच्या वेळी नव्याने चर्चेला येतात. एस. टी. च्या गाडीत चाळीस-पंचेचाळीस माणसे बसतात. ती गाडी बारा महिने टोलमुक्त असणे हा साधा सामाजिक न्याय झाला. २०१५ साली राज्य शासनाने बारा नाके बंद केले आणि आणखी त्रेपन्न नाक्यांवर मोटारींबरोबर एस. टी. लाही वगळले, तेव्हा या दिशेने एक पाऊल पडले होते. द्रुतगती मार्ग त्या यादीत नव्हता.

याउलट केंद्र सरकारने १५ ऑगस्ट २०२५ पासून तीन हजार रुपयांत दोनशे फेऱ्यांचा जो वार्षिक पास काढला, तो केवळ खाजगी मोटार, जीप आणि व्हॅनसाठी आहे. प्रवासी बसला नाही, भाड्याच्या टॅक्सीला नाही, मालमोटारीला नाही. विजेवर चालणाऱ्या मोटारींना अटल सेतूवर टोल माफ झाला. धूर कमी व्हावा हा हेतू चांगला; पण तसली मोटार कोणाच्या दारात उभी असते? एकामागून एक सवलती पाहत गेले की त्यांचा कल लपत नाही. ज्याच्याजवळ चाके आहेत त्याला सवलत, ज्याला दुसऱ्याच्या चाकांवर जावे लागते त्याने रांगेत उभे राहावे.

रेल्वेचा विषय कोकणच्या संदर्भात टाळून चालणार नाही. कोकणात रेल्वे यावी म्हणून बॅ. नाथ पै यांनी लोकसभेत आवाज उठवला; मधु दंडवते यांनी तो धागा पुढे नेला; जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ उभे राहिले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग राष्ट्राला अर्पण झाला. समाजवादी चळवळीने कोकणाला दिलेले हे सर्वांत मोठे देणे आहे. मात्र या मार्गावर तिकिटाचे अंतर प्रत्यक्षापेक्षा चाळीस टक्क्यांनी फुगवून मोजण्याची पद्धत चालत आली. रेल्वे बांधण्यासाठी काढलेल्या कर्जाच्या फेडीसाठी ती आली असे समर्थन होते. पण ती कधी थांबावयाची, हे प्रवासी संघटनांनी कितीदा विचारले तरी उत्तर मिळाले नाही. हाही टोलच आहे. फक्त तो तिकिटाच्या आत लपलेला असल्याने दिसत नाही आणि दिसत नाही म्हणून गणपतीला माफही होत नाही. उलट उत्सवाच्या काही खास गाड्यांना खास भाडे असते. येथे एक जुनी आठवण कार्यकर्त्यांना द्यावीशी वाटते. १९७७ साली दंडवते रेल्वेमंत्री झाले, तेव्हा त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंच फोम बसवण्याचे काम हाती घेतले. त्यासाठी कोणता सण गाठला नाही, पास छापले नाहीत. गादी बसली ती सर्वांसाठी आणि कायमची.

उत्सवातील टोलमाफी ही काही केवळ महाराष्ट्राची कल्पना नव्हे. चीनने २०१२ च्या राष्ट्रीय दिनापासून वसंतोत्सव, छिंगमिंग, कामगार दिन आणि राष्ट्रीय दिन या चार सुट्ट्यांत सात आसनांपर्यंतच्या मोटारींना द्रुतगती मार्ग मोफत केले. पहिल्याच सुट्टीत लाखो मोटारी एकदम रस्त्यावर आल्या आणि तासन्‌तास अडकून पडल्या. दक्षिण कोरियाने २०१७ पासून छुसकच्या सणाला तसेच केले. तेथेही लाभ मुख्यतः मोटारवाल्यांचा. स्वतःला साम्यवादी म्हणवणाऱ्या राजवटीने रेल्वेच्या प्रवाशाआधी मोटारवाल्याला सणाची भेट द्यावी, हे मौजेचे आहे खरे.

आणखी एक प्रश्न नाजूक आहे, पण टाळण्यासारखा नाही. सण कोणाचे? गणेशोत्सव आणि आषाढी हे लोकजीवनात रुजलेले उत्सव आहेत, त्यांच्याविषयी कोणाच्या मनात किंतु असू नये. परंतु सार्वजनिक तिजोरीतून सवलत द्यावयाची तर तिचा निकष श्रद्धा असावा की प्रवासाची निकड? ६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे विदर्भ-मराठवाड्यातून जीपगाड्या भरून येतात, त्यांना हा न्याय लागावा की नाही? ईदेला मालेगाव-भिवंडीचा यंत्रमाग कामगार उत्तरेकडे घरी जातो, त्याला? आणि दसरा उलटला की बीड, आष्टी, पाथर्डीकडून ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे पोराबाळांसह, भांड्याकुंड्यांसह मालमोटारींत बसून साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात, त्या प्रवासाला तर कोणत्याच देवाचे नाव नाही. त्या गाडीचा टोल मुकादमाच्या हिशेबातून अखेर कोणाच्या उचलीत धरला जातो, हे कोणा अधिकाऱ्याने कधी विचारले आहे काय?

नाक्यावरच्या व्यवहाराची गंमत निराळीच. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला. यंत्र काचेवरचा टॅग वाचते, पोलिसांनी दिलेला पास वाचत नाही. माफी असूनही खात्यातून पैसे गेल्याच्या तक्रारी म्हणूनच होतात. आदेशाने जे दिले ते यंत्राने काढून घेतले, आणि परत मागण्यासाठी सण सोडून अर्ज करीत बसायला कोणाला सवड असते?

टोलविरोधात लोक उभे राहिले तर काय होते, हे कोल्हापूरने दाखवून दिले. शहराच्या रस्त्यांसाठी नाके बसवले गेले, तेव्हा प्रा. एन. डी. पाटील आणि कॉ. गोविंद पानसरे यांच्या पुढाकाराने सर्वपक्षीय कृती समिती उभी राहिली. त्या लढ्याने सणाची सवलत मागितली नाही. कामाचा दर्जा काय, खर्च किती, करार कोणी व कोणासाठी केला, असे प्रश्न वर्षानुवर्षे चौकाचौकांतून विचारले गेले. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कॉ. पानसऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि २० तारखेला ते गेले. तरी आंदोलन थंडावले नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस कोल्हापूरचा टोल रद्द करण्याचा निर्णय शासनाला घ्यावा लागला. कंत्राटदाराची भरपाई तेव्हाही शासनाकडेच आली, पण रस्त्यांचे मूल्यांकन लोकांच्या रेट्याखाली झाले आणि तो हिशेब चव्हाट्यावर आला. सणाच्या माफीत नेमका हिशेबच झाकलेला राहतो.

या काळात अनेक पक्षांचे कार्यकर्ते दादर-परळला मंडप घालून पास वाटताना आणि नेत्यांच्या छायाचित्रांसह मोफत गाड्या सोडताना दिसतात. समाजवादी कार्यकर्त्याला त्या मंडपाशेजारी आपलाही मंडप घालण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. लोक समोर असतात, ओळखी होतात, नावे लिहून घेता येतात. पास मिळवून देण्यात गैर काही नाही. ज्याला अर्ज भरता येत नाही त्याला मदत करावीच. पण रांगेतल्या माणसाच्या हातात पासाबरोबर एक कागदही पडावा. रस्ता पुरा होईपर्यंत मुंबई–गोवा महामार्गावर टोल नको, एस. टी. ला आणि ठरावीक भाड्याने चालणाऱ्या प्रवासी गाड्यांना राज्यातल्या प्रत्येक नाक्यावर बारा महिने टोल नको, कोकण रेल्वेवरील फुगवलेल्या अंतराचे भाडे बंद व्हावे, एवढा मजकूर त्याला पुरे.

राहिला हिशेब. विधिमंडळाचे पावसाळी अधिवेशन सामान्यतः गणेशोत्सवाआधी भरते. मागील गणेशोत्सवात आणि मागील आषाढीत प्रत्येक नाक्यावरून किती वाहने माफीने गेली, त्यांपैकी एस. टी. च्या गाड्या किती, त्यांची मोजणी कोणी केली, कंत्राटदाराला त्यापोटी किती रक्कम दिली अथवा किती मुदत वाढवून दिली, हे नाक्यांच्या नावांनिशी सभागृहापुढे ठेवावे, असा तारांकित प्रश्न डाव्या आणि समाजवादी आमदारांपैकी कोणालाही विचारता येईल. तो विचारला जावा यासाठी जिल्हा समित्यांनी अधिवेशनाच्या महिनाभर आधी आपापल्या भागातील आमदारांना निवेदने द्यावीत, आणि उत्तर आले की ते कोकणातल्या वाडीवाडीच्या फलकांवर लावावे. गणपतीला सारा गाव तेथे जमतोच.